पेढीवरची इंग्रजी : चुका कोठे होतात, का होतात

पुणे जिल्ह्यात पारगाव नावाचे गाव एकच नाही. घोड नदीच्या खोऱ्यात, आंबेगाव तालुक्यात एक पारगाव आहे. भीमाशंकर सहकारी साखर कारखाना याच गावी, दत्तात्रयनगर येथे आहे. शेजारच्या जुन्नर तालुक्यात दुसरे पारगाव आहे. दौंड आणि पुरंदर तालुक्यांतही पारगावे आहेतच. जुन्या महसुली दप्तराला ही अडचण ठाऊक होती, म्हणून आंबेगावातले ‘पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक’ आणि जुन्नरमधले ‘पारगाव तर्फे आळे’ असे लिहिण्याचा प्रघात पडला. ‘तर्फ’ म्हणजे जुन्या काळी काही गावांचा मिळून होणारा महसुली विभाग. तो विभाग आज व्यवहारात उरलेला नाही; पण दोन गावांना वेगळे ठेवण्याचे काम तो शब्द अजूनही करतो.

समजा, परगावच्या एखाद्या पेढीने इंग्रजी बिलावर ‘पारगाव, पुणे’ एवढेच लिहिले. तालुका गाळला, तर्फ गाळली, पिनकोडही घातला नाही. स्पेलिंग अचूक आहे आणि वाक्यरचनेत दोष काढावा असे काही नाही. तरीही माल कोणत्या पारगावला उतरवायचा, हे गाडीवाल्याला कळणार नाही. इंग्रजीतील चुकांचा विचार येथूनच सुरू करावा. लिहिणाऱ्याच्या मनात जे होते तेच वाचणाऱ्याच्या मनात उमटले की नाही, ही खरी कसोटी आहे. व्याकरण, विरामचिन्हे, शब्दांची निवड ही सर्व त्याच कामाची साधने.

एका टिंबाची गोष्ट

अक्षर बदलल्याने अनर्थ होतो, हे मराठी माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले, ही त्या घटनेची लोकांत रूढ झालेली कथा, आणि तिच्यातून आलेला ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार आजही घराघरांत आहे.

जैन कथापरंपरेतील कुणालाची कथा तर याहूनही बोलकी आहे. सम्राट अशोकाने उज्जयिनीत राहणाऱ्या राजपुत्र कुणालासाठी पत्र लिहिले. कुमाराने आता अध्ययन करावे, या अर्थाचा ‘अधीयउ’ हा प्राकृत शब्द त्यात होता. सावत्र आईने पहिल्या अक्षरावर एक टिंब ठेवले. शब्द ‘अंधीयउ’ झाला आणि अर्थ झाला, कुमाराला आंधळे करावे. राजाने पत्र पुन्हा न वाचता मुद्रा उमटवली. कुणालाने पित्याची आज्ञा म्हणून स्वतःचे डोळे गमावले. जैन धर्माचा महान आश्रयदाता म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, तो संप्रती राजा याच कुणालाचा पुत्र.

या कथेत टिंब ठेवणारा हात दोषी आहेच. पण कथा सांगणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट आवर्जून नोंदवली आहे : पाठवण्यापूर्वी पत्र दुसऱ्यांदा वाचले गेले नाही.

पेढीची जुनी शिस्त

आपल्या जुन्या बह्या मोडी लिपीत असत. मोडीत आधी आडवी रेघ ओढून घेत आणि मग तिला अक्षरे लटकवत जात. दोन शब्दांमध्ये जागा सोडण्याची पद्धत नव्हती. स्वल्पविराम, पूर्णविराम नव्हते. मराठीत आज आपण वापरतो ती विरामचिन्हे एकोणिसाव्या शतकात इंग्रजीच्या संपर्कातून आली. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाच्या कामात सहभागी असलेले आणि पुण्यात दीर्घकाळ शिक्षणाचे काम केलेले मेजर थॉमस कँडी यांनी १८५० मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक लिहिले. मराठीत ही चिन्हे रुजवण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. म्हणजे स्वल्पविरामाची चूक ‘इंग्रजीतली’ असली, तरी ते चिन्ह आता आपलेही आहे.

विरामचिन्हे नव्हती तेव्हा व्यापारी निष्काळजी होता असे मात्र नाही. हुंडीवर रक्कम आकड्यांत लिहीत, अक्षरी लिहीत, आणि शिवाय निम्मी रक्कम सांगून ‘तिची दुप्पट’ असेही लिहीत. पाचशेच्या हुंडीत ‘अडीचशेची दुप्पट’ असा उल्लेख असला की कोणी एक शून्य वाढवले तरी लबाडी तेथेच उघडी पडे. आज धनादेशावर अक्षरी रकमेपुढे आपण ‘फक्त’ किंवा इंग्रजीत ‘ओन्ली’ लिहितो, त्यामागे हीच सावधगिरी आहे. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाचे अठरावे कलम सांगते की, आकडी आणि अक्षरी रकमेत फरक पडल्यास अक्षरी रक्कम खरी धरावी. म्हणून ‘फोर्टी’ आणि ‘फोर्टीन’ यांत गफलत झाली, तर ती केवळ स्पेलिंगची चूक राहत नाही.

चुकांचे माहेर मराठीतच

मराठी माणसाच्या इंग्रजीतील बहुतेक चुका अज्ञानातून येत नाहीत. त्या मराठीच्या चांगल्या सवयीतून येतात. ते कसे, हे एकदा समजले की लाज वाटेनाशी होते आणि दुरुस्तीही सोपी जाते.

पहिली गोष्ट शब्दांच्या क्रमाची. ‘व्यापाऱ्याने शेतकऱ्याला पैसे दिले’ हे वाक्य ‘शेतकऱ्याला व्यापाऱ्याने पैसे दिले’ असे फिरवले तरी अर्थ बदलत नाही, कारण ‘ने’ आणि ‘ला’ हे प्रत्यय देणारा कोण आणि घेणारा कोण ते सांगतात. इंग्रजीत नामांना असे प्रत्यय नाहीत. तेथे जागाच अर्थ ठरवते. दोन नावांची जागा बदलली की देणेकरी आणि घेणेकरी बदलतो.

दुसरी गोष्ट ‘पासून’ची. ‘१९८५ पासून’ आणि ‘चाळीस वर्षांपासून’, दोन्हीकडे मराठीत एकच शब्द चालतो. इंग्रजीत आरंभाचा क्षण सांगायचा असेल तर ‘सिन्स’ आणि कालावधी सांगायचा असेल तर ‘फॉर’. ‘सिन्स १९८५’ बरोबर. ‘सिन्स फोर्टी इयर्स’ चूक, तेथे ‘फॉर फोर्टी इयर्स’ हवे. क्रियापदही बदलते. ‘आम्ही १९८५ पासून हा व्यापार करत आहोत’ या सरळ मराठी वाक्यावरून ‘वुई आर डीलिंग सिन्स १९८५’ असे लिहिले जाते. इंग्रजीला तेथे ‘वुई हॅव बीन डीलिंग’ हवे असते, कारण काम मागे सुरू झाले आणि अजून चालू आहे, हे दोन्ही तिला क्रियापदातच सांगायचे असते.

तिसरा शब्द ‘पर्यंत’, आणि पेढीच्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा. ‘पैसे सोमवारपर्यंत द्यावेत’ आणि ‘दुकान सोमवारपर्यंत बंद राहील’ ही दोन्ही वाक्ये मराठीत निर्दोष आहेत. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘बाय मंडे’ आणि दुसऱ्यासाठी ‘टिल मंडे’ लागते. मुदतीच्या आत एकदा पूर्ण करायचे काम असेल तर ‘बाय’. एखादी स्थिती त्या दिवसापर्यंत चालू राहणार असेल तर ‘टिल’. ‘पेमेंट टिल मंडे’ असे लिहिले तर परका वाचक गोंधळतो. दुकान सोमवारीही बंद आहे की सोमवारी उघडणार, हा प्रश्न तरीही उरतोच. आपल्याकडे हिशेबात ‘३१ मार्चअखेर’ म्हणण्याची रीत आहे. तीच नेमकेपणाची दृष्टी इंग्रजीत वापरून ‘मंगळवारी सकाळी उघडेल’ असे सरळ लिहिणे उत्तम.

चौथी गोष्ट ‘अ’ आणि ‘द’ या छोट्या शब्दांची. मराठीत त्यांच्या जोडीचे काही नसल्याने ते गळतात. पुष्कळदा त्याने बिघडत नाही, पण कधी अर्थ उलटतो. ‘वुई हॅव अ फ्यू कस्टमर्स इन नारायणगाव’ म्हणजे नारायणगावात आमचे काही ग्राहक आहेत. त्यातला ‘अ’ गळला की अर्थ होतो, नारायणगावात आमचे ग्राहक जवळजवळ नाहीतच. एका अक्षराने पेढीची पत उतरते. ‘अ’ आणि ‘अन’ यांतील निवड स्पेलिंग पाहून नव्हे, तर उच्चार ऐकून करायची असते. म्हणून ‘अन अवर’, पण ‘अ युनिव्हर्सिटी’.

पाचवी गोष्ट शब्दयोगी अव्ययांची. आपण ‘भावाविषयी चर्चा’ करतो, म्हणून ‘डिस्कस अबाउट’ लिहितो. इंग्रजीत ‘डिस्कस’मध्येच ‘विषयी’ सामावलेले आहे. ‘रिटर्न बॅक’मधील ‘बॅक’ही तसाच अधिकचा. कर्ज देणे आणि कर्ज घेणे यांत मराठी फक्त क्रियापद बदलते, इंग्रजीत मात्र दोन स्वतंत्र शब्द आहेत : देणारा ‘लेंड’ करतो, घेणारा ‘बॉरो’ करतो. व्यापारी घरात तरी यांची अदलाबदल होऊ नये.

पाटी, पावती आणि बिल

महाराष्ट्रात दुकानाची पाटी मराठीत असणे कायद्याने आवश्यक आहे. तिच्या जोडीला इंग्रजी मजकूर असला, तर चुका बहुधा त्यात आढळतात. सर्वांत ठळक चूक वर लटकणाऱ्या स्वल्पविरामाची, म्हणजे अपॉस्ट्रॉफीची. ते चिन्ह मालकी दाखवते किंवा गाळलेले अक्षर दाखवते. अनेकवचनासाठी ते नसते. ‘सारीज’, ‘टोमॅटोज’ यांच्या ‘एस’पूर्वी ते घालू नये. ‘मेन्स वेअर’मध्ये मात्र हवे, कारण तेथे ‘पुरुषांचे’ असा षष्ठीचा अर्थ आहे. ही चूक भारतीयांचीच आहे असे समजण्याचे कारण नाही. खुद्द इंग्लंडमध्ये भाजीविक्रेत्यांच्या पाट्यांवर ती इतकी दिसते की तिला ‘ग्रीनग्रोसर्स अपॉस्ट्रॉफी’, म्हणजे भाजीवाल्याची अपॉस्ट्रॉफी, असेच नाव पडले आहे.

वह्या-पुस्तके विकणाऱ्या ‘स्टेशनरी’च्या अखेरीस ‘ई-आर-वाय’ येते. ‘ए-आर-वाय’ लिहिले तर त्याचा अर्थ ‘जागचा न हलणारा’ असा होतो. एन्व्हलप म्हणजे पाकीट ‘ई’ने सुरू होते आणि ते स्टेशनरीत मोडते, एवढे लक्षात ठेवले की पुरे. ‘लूज’ या शब्दात दोन ‘ओ’ असतील तर अर्थ ‘सुटा माल’. एकच ‘ओ’ असेल तर ‘गमावणे’, आणि त्याचा उच्चारही ‘स’कडे न झुकता ‘झ’कडे झुकतो. ‘प्रिन्सिपल’च्या अखेरीस ‘पी-ए-एल’ असेल तर ते मुद्दल किंवा मुख्याध्यापक. ‘पी-एल-ई’ असेल तर तत्त्व. मुद्दलावर व्याज लागते, तत्त्वावर नाही. कर्जाच्या कागदावर हा फरक पाहावाच. ‘फर्निचर’, ‘इक्विपमेंट’, ‘लगेज’, ‘इन्फर्मेशन’ हे शब्द इंग्रजीत धान्यासारखे समूहवाचक मानले जातात. त्यांना ‘एस’ लावून अनेकवचन करत नाहीत.

स्वल्पविरामाचे पन्नास लाख डॉलर

विरामचिन्हाची किंमत रोखीत मोजली गेल्याचे एक अलीकडचे उदाहरण दूधधंद्यातले आहे. अमेरिकेतील मेन राज्यात कामगारांना जादा वेळेचे वेतन देण्याचा कायदा आहे. शेतमाल, मांस-मासळी आणि नाशवंत खाद्यपदार्थ यांच्याशी संबंधित काही कामे त्यातून वगळली होती. त्या कामांच्या यादीत साठवण, वाळवणे, गोठवणे अशी नावे ओळीने होती आणि शेवटी होते ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’. ‘शिपमेंट’नंतर स्वल्पविराम नव्हता. ओकहर्स्ट नावाच्या डेअरीचे गाडीचालक म्हणाले, येथे एकच काम वगळले आहे, ते म्हणजे पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी केलेली बांधणी. आम्ही बांधणी करत नाही, वितरण करतो, तेव्हा आम्हाला जादा वेतन मिळाले पाहिजे. डेअरीचे म्हणणे होते की बांधणी आणि वितरण ही दोन वेगळी कामे असून दोन्ही वगळलेली आहेत. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने मजकूर संदिग्ध ठरवून चालकांच्या बाजूने निर्णय दिला, आणि २०१८ मध्ये पन्नास लाख डॉलरवर तडजोड झाली.

आंबेगाव-जुन्नरच्या पट्ट्यात दूध, ऊस, कांदा, टोमॅटो, द्राक्षे हेच अर्थकारण आहे. बांधणी, साठवण, वाहतूक यांचे करार येथेही होतात. ‘प्रतवारी, बांधणी आणि वाहतूक खरेदीदाराने करावी’ यासारखे कलम इंग्रजीत उतरवताना प्रत्येक काम वेगळ्या ओळीवर, क्रमांक घालून लिहिले, तर स्वल्पविरामावर वाद होण्याचा प्रसंगच येत नाही.

आकड्यांतील स्वल्पविरामही तितकाच महत्त्वाचा. आपण दहा लाख १०,००,००० असे लिहितो. बाहेरचे जग तीच संख्या १,०००,००० अशी लिहिते आणि तिला ‘वन मिलियन’ म्हणते. युरोपातील जर्मनीसारख्या देशांत तर स्वल्पविराम दशांशाचे काम करतो आणि टिंब हजारांचे. जुन्नरची द्राक्षे बाहेर पाठवणाऱ्याने ‘१,५०० किलो’ लिहिले, तर तेथील कारकुनाला ते दीड किलो वाटण्याची शक्यता असते. तारखेचेही तसेच. ०३/०४ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल, अमेरिकेत ४ मार्च. नाशवंत मालाच्या व्यवहारात एक महिन्याचा फरक म्हणजे सगळाच फरक. महिना अक्षरांत लिहिणे हा साधा उपाय आहे.

एक ‘एस’ अधिक

ब्रिटनमध्ये २००९ मध्ये ‘टेलर अँड सन’ नावाची एक कंपनी अवसायनात निघाली. कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाने ती नोंद चुकून ‘टेलर अँड सन्स’ या वेल्समधील शतकाहून जुन्या, चालू असलेल्या कंपनीच्या नावावर केली. काही दिवसांत चूक दुरुस्त झाली. पण तोवर बातमी पतमापन संस्थांकडे गेली होती. पुरवठादारांनी उधारी थांबवली, पत गेली आणि कंपनी बुडाली. दोनशेहून अधिक लोकांची नोकरी गेली. २०१५ मध्ये न्यायालयाने त्या कार्यालयाला जबाबदार धरले. पण कंपनी पुन्हा उभी राहिली नाही.

आपल्या घरांतही नावांच्या स्पेलिंगचा प्रश्न रोजचा आहे. ‘शहा’ इंग्रजीत ‘एच’ने संपते की ‘ए’ने? ‘चोरडिया’मध्ये ‘वाय’ घालायचा की नाही? आधारवर एक, पॅनवर दुसरे, बँकेत तिसरे आणि शाळेच्या दाखल्यावर चौथे, असे झाले की वारसाहक्क, कर्ज, पासपोर्ट अशा नेमक्या अडचणीच्या वेळी माणूस स्वतःलाच स्वतःची ओळख पटवून देत फिरतो. चारही स्पेलिंगे आपापल्या जागी बरोबर असतात. चूक आहे ती त्यांच्यातील फरकात. मुलाच्या जन्मदाखल्यापासूनच एक स्पेलिंग ठरवून ते घरच्या वहीत लिहून ठेवावे.

जी चूक नाही, तिची लाज नको

सगळेच भारतीय वेगळेपण चूक नसते. ‘प्रीपोन’ हा भारतात रुळलेला शब्द ऑक्सफर्डच्या शब्दकोशात गेला आहे. ‘डू द नीडफुल’ ही जुन्या इंग्रजी पत्रव्यवहारातीलच रचना आहे. ती तेथे मागे पडली आणि आपल्याकडे टिकली. पुण्या-मुंबईच्या पत्रव्यवहारात हे शब्द खुशाल वापरावेत. परदेशी ग्राहकाला लिहिताना मात्र तो काय समजेल याचा विचार करावा. ‘रिव्हर्ट’ म्हणजे आपल्या लेखी उत्तर देणे. त्याच्या लेखी पूर्वस्थितीला जाणे. ‘आय हॅव अ डाउट अबाउट युवर बिल’ याने आपल्याला फक्त एक प्रश्न विचारायचा असतो, कारण मराठीतील ‘शंका’ हा शब्द प्रश्नालाही चालतो आणि संशयालाही. समोरच्याला मात्र त्यात अविश्वास ऐकू येतो. तेथे ‘क्वेश्चन’ म्हणावे.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवली जाऊ लागली. त्यामुळे अनेक घरांत आज एक विचित्र चित्र दिसते. चाळीस वर्षे सचोटीने व्यापार करणारे आजोबा किंवा वडील बँकेच्या इंग्रजी अर्जापुढे गप्प बसतात, आणि त्यांच्या एखाद्या उच्चारावर नातवंडे हसतात. तरुण सून चार लोकांत इंग्रजी बोलण्याचे टाळते, कारण पूर्वी कोणीतरी हसलेले असते. या हसण्याने कोणाचे इंग्रजी सुधारत नाही. त्याने माणूस फक्त विचारायचे थांबतो, आणि विचारायचे थांबलेला माणूस न समजलेल्या कागदावर सही करतो. घरातील खरी हानी ती आहे. म्हणून मुलांना दोन्ही गोष्टी सांगाव्यात : चूक दाखवावी, पण हसू नये. आणि घरातील इंग्रजी कागद त्यांनी मोठ्यांना मराठीत समजावून सांगावा. त्यात मुलांचेही इंग्रजी आणि मराठी दोन्ही पक्के होते.

प्रतिक्रमणात ज्ञानाचे जे अतिचार आलोचले जातात, त्यांत अक्षर गाळून म्हणणे, अक्षर वाढवून म्हणणे आणि पद गाळणे हेही आहेत. भाषा समिती म्हणजे बोलण्यातील सावधपणा, हे तर लहानपणापासून कानावर पडलेले असते. ज्या परंपरेने एका अक्षराच्या न्यूनाधिक्याचीही दखल घेतली, तिच्या वारसांना इंग्रजीच्या स्वल्पविरामाचे भय वाटण्याचे कारण नाही. सवय तीच आहे, लिपी तेवढी वेगळी.

पत्र, बिल, करार किंवा मोबाइलवरचा संदेश पाठवण्यापूर्वी चार गोष्टी पुन्हा वाचाव्यात : नाव, रक्कम, तारीख आणि पत्ता. मग तो मजकूर घरातील किंवा पेढीवरील दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावा आणि ‘तुला काय समजले?’ एवढेच विचारावे. उत्तर आपल्या मनातलेच आले, तर इंग्रजी पुरेशी चांगली आहे. पारगावच्या पत्त्यात ‘तर्फे आळे’ किंवा ‘तर्फे अवसरी बुद्रुक’ लिहायला अर्धी ओळ जास्त लागते. पण तेवढ्याने माल बरोबर दारात उतरतो.